बेटावरचे आठ तास

मोठ्या पर्यटन जहाजातून फिरणारा माणूस रात्री समुद्रावर झोपतो. सकाळी तो जागा होतो, तेव्हा खिडकीबाहेर नवे बंदर आलेले असते. अशा सफरीला क्रूझ म्हणतात. जहाज सकाळी धक्क्याला लागते आणि संध्याकाळी सुटते. मधले सात-आठ तास प्रवाशांचे. जहाजावर जेवण, करमणूक, पोहण्याचा तलाव असे सगळे असते. पण परका प्रदेश पाहायचा तो याच सात-आठ तासांत. एवढ्या थोड्या वेळात एखादे बेट पाहता येते का? संपूर्ण बेट पाहता येत नाही, हे उघड आहे. मग काय पाहावे आणि काय सोडावे? हिंदी महासागरातील रियुनियन या बेटाचे उदाहरण घेऊन आपण हे समजून घेऊ.

नकाशा उघडा. आफ्रिकेच्या पूर्वेला मादागास्कर हे भले मोठे बेट दिसेल. त्याच्याही पूर्वेला दोन लहान ठिपके आहेत. त्यांतला एक मॉरिशस आणि त्याच्या नैऋत्येला असलेला दुसरा रियुनियन. मुंबईपासून हे बेट सरळ रेषेत सुमारे ४,८०० किलोमीटर दूर आहे. आपले नागपूर विषुववृत्ताच्या उत्तरेला २१ अंशांवर आहे. रियुनियन दक्षिणेला जवळजवळ तितक्याच अंशांवर आहे. म्हणून तेथील ऋतू आपल्या उलट असतात. आपण डिसेंबरात स्वेटर बाहेर काढतो, तेव्हा तिथे उन्हाळा असतो आणि बाजारात आंबे व लिची येतात. बेटाचे क्षेत्रफळ सुमारे २,५०० चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या दोन-तृतीयांश. वस्ती जवळजवळ नऊ लाख.

हे बेट आफ्रिकेजवळ असले, तरी ते फ्रान्सचा भाग आहे. पॅरिस येथून नऊ हजार किलोमीटरहून अधिक दूर आहे. तरीसुद्धा १९४६ पासून रियुनियन हा फ्रान्सचा एक जिल्हाच मानला जातो. शाळा, पोलीस, टपाल, कायदे सगळे फ्रान्सचे. नाणे युरोचे. किंबहुना १ जानेवारी २००२ रोजी युरोच्या नोटा व नाणी सुरू झाली, तेव्हा पूर्वेकडे असल्यामुळे रियुनियनमध्ये मध्यरात्र युरोपच्या आधी झाली. त्यामुळे युरो देऊन केलेली पहिली खरेदी तेथील बाजारात झाली आणि ती होती लिचीची! युरोच्या नोटेची मागची बाजू पाहिलीत, तर नकाशाच्या खाली छोट्या चौकटीत हे बेटही छापलेले दिसते.

आता जहाज धक्क्याला लागले आहे असे समजा. जिथे ते लागते त्या गावाचे नाव 'ल पोर'. फ्रेंच भाषेत याचा अर्थ नुसता 'बंदर' असा आहे. हे बेट ज्वालामुखीतून तयार झालेले आहे. त्याचे किनारे सरळ समुद्रात उतरतात. जहाजांना आसरा देणारी खाडी नाही. पूर्वी जहाजे दूर पाण्यात नांगर टाकत आणि माणसे व माल होड्यांतून किनाऱ्यावर आणला जाई. वादळात जहाजे फुटत. शेवटी किनाऱ्यावरच्या दगडगोट्यांच्या सपाट जमिनीत खणून बंदर बांधण्यात आले. ते १८८६ मध्ये सुरू झाले. हे मालवाहू बंदर आहे. म्हणून धक्क्यावर उतरताच शहर दिसत नाही. दिसतात ते मोठे पेटारे आणि ते उचलणाऱ्या याऱ्या. राजधानी सेंट डेनिस येथून वीस किलोमीटरवर आहे. (तेथील लोक या नावाचा उच्चार 'सँ दनी' असा करतात. बसचालकाला विचारायचे असेल, तर तोच उच्चार करावा.)

उतरण्यापूर्वी एक गोष्ट पक्की करावी लागते. ती म्हणजे वेळ. जहाज पाचला सुटणार असेल, तर प्रवाशांनी बरेच आधी परतायचे असते. ती वेळ दारावरच्या फलकावर लिहिलेली असते. जहाजावरचे घड्याळ आणि बेटावरचे घड्याळ दर वेळी एकच वेळ दाखवते असे नाही. म्हणून पाळायची ती जहाजाची वेळ. जहाजाने ठरवलेल्या सहलीच्या बसला उशीर झाला, तर जहाज थांबते. आपल्या मनाने फिरायला गेलेल्या प्रवाशासाठी ते थांबत नाही. मागे राहिलेल्याला पुढचे बंदर स्वतःच्या खर्चाने, तेही विमानाने, गाठावे लागते. रियुनियनच्या किनारी रस्त्यावर संध्याकाळी वाहनांची मोठी गर्दी होते. म्हणून जायला अर्धा तास लागला, तर यायला एक तास लागेल, असे धरून चालावे. याबाबत थोडे भित्रे असलेले बरे!

पुष्कळ प्रवाशांना ज्वालामुखी पाहायचा असतो. पितों द ला फुर्नेझ हा बेटाच्या आग्नेय भागातला पर्वत जगातल्या सर्वांत जागृत ज्वालामुखींपैकी एक आहे. त्याची उंची २,६०० मीटरहून अधिक आहे. परंतु बंदर बेटाच्या वायव्य टोकाला आहे. वळणावळणाच्या रस्त्याने जाऊन-येऊनच दिवस संपतो आणि वर धुके असले तर काहीच दिसत नाही. ज्वालामुखी पाहायचा असेल, तर बेटावर मुक्काम करून पाहावा. क्रूझच्या दिवशी तो सोडून द्यावा, असे मला वाटते.

समुद्रस्नानाचेही तसेच. निळे पाणी पाहून कोठेही उडी मारण्याजोगे हे बेट नाही. २०११ नंतर येथे शार्क माशांचे हल्ले वाढले. त्यामुळे २०१३ मध्ये सरकारने पोहण्यावर बंधने घातली. प्रवाळाच्या भिंतीमागचे उथळ पाणी किंवा पहारा असलेले किनारे एवढीच ठिकाणे पोहण्यासाठी मोकळी आहेत. अशी ठिकाणे पश्चिम किनाऱ्यावर आहेत.

मग उरतात दोन चांगल्या वाटा. एक डोंगराची आणि दुसरी शहराची.

डोंगराची वाट मायदो या कड्याकडे जाते. कडा सुमारे २,२०० मीटर उंच आहे. महाबळेश्वरच्या दीडपटीहून जास्त! वाटेत उसाची शेते लागतात, मग सुगंधी जिरेनियमची झाडे, मग गर्द रान. कड्यावरून खाली पाहिले, की माफात नावाची प्रचंड खोल दरी दिसते. चारही बाजूंना उभे कडे आणि तळाशी हिरव्या सपाट तुकड्यांवर चिमुकली गावे. या गावांना आजही मोटारीचा रस्ता नाही. माणसे पायी जातात आणि जड सामान हेलिकॉप्टरने उतरवतात. येथील एका टपालवाल्याने चाळीस वर्षे पाठीवर पिशवी घेऊन या दरीत पत्रे वाटली. मायदोला जायचे तर जहाजातून पहिल्या बसने निघावे. सकाळी दरी स्वच्छ असते. ऊन तापले, की ढग वर चढतात आणि दहा-अकराच्या सुमारास सगळे दृश्य कापसाच्या ढिगाखाली झाकून टाकतात.

या ढगांचे कारण आपल्याला परके नाही. सह्याद्री जसा समुद्रावरून येणारे वारे अडवतो आणि महाबळेश्वरला धो धो पाऊस पडून पलीकडचे तालुके कोरडे राहतात, तसेच येथे घडते. पूर्वेकडून येणारे बाष्पाने भरलेले वारे बेटाच्या डोंगरांना आदळतात. पूर्व बाजू चिंब होते, पश्चिम बाजू कोरडी राहते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे तुम्ही घरातल्या मोठ्यांकडून ऐकले असेल. जानेवारी १९६६ मध्ये रियुनियनच्या डोंगरात एका ठिकाणी चोवीस तासांत १,८२५ मिलिमीटर पाऊस पडला. म्हणजे जवळजवळ दुप्पट. चोवीस तासांतल्या पावसाचा तो जागतिक विक्रम आहे.

माफातच्या दरीत माणसे मुळात का जाऊन राहिली? याचे उत्तर बेटाच्या इतिहासात आहे. सतराव्या शतकात फ्रेंच लोक येथे राहायला आले, तेव्हा बेट निर्मनुष्य होते. कॉफीच्या आणि पुढे उसाच्या मळ्यांत राबण्यासाठी मालकांनी मादागास्कर आणि आफ्रिकेतून माणसे गुलाम म्हणून आणली. काही गुलाम भारतातूनही आणले गेले. जे पळून जात, ते डोंगरांतल्या अशा अवघड दऱ्यांत लपत. माफात हे नावसुद्धा अशाच एका पळून गेलेल्या गुलामाचे आहे, असे सांगतात. २० डिसेंबर १८४८ रोजी येथील गुलामी संपली. साठ हजारांहून अधिक माणसे त्या दिवशी स्वतंत्र झाली. २० डिसेंबरला बेटावर अजूनही सार्वजनिक सुट्टी असते; रात्री ढोल वाजतात, नाच होतो. तुमचे जहाज त्या दिवशी आले, तर दुकाने बंद असल्याची तक्रार करू नका.

आता दुसरी वाट, शहराची. ल पोरहून सेंट डेनिसला जाणारा रस्ता एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला समुद्र यांच्यामधून जातो. पावसात कड्यावरून दगड कोसळतात. म्हणून सरकारने समुद्रातच खांब रोवून ५.४ किलोमीटर लांबीचा पूल बांधला. तो २०२२ मध्ये वाहनांसाठी खुला होऊ लागला. उरलेल्या रस्त्याचे काम मात्र अजून पुरे व्हायचे आहे. पूल संपतो तिथे एका घळीत ग्रांद शालूप नावाची जागा आहे. बहुतेक प्रवासी तिच्याकडे न पाहताच पुढे जातात. मी म्हणेन, येथे अर्धा तास थांबावे.

गुलामी संपली, पण ऊस तोडायला माणसे हवीच होती. मग मळेवाल्यांनी भारतातून मोठ्या संख्येने मजूर आणले. पाँडिचेरी, कारिकल अशा बंदरांतून जहाजे निघत. मजुरांकडून पाच वर्षांच्या करारावर अंगठा घेतलेला असे. या करारालाच आपल्याकडे गिरमिट म्हणत. रियुनियनला पोहोचल्यावर त्यांना लगेच गावात जाऊ देत नसत. पटकी, देवी असे साथीचे रोग पसरू नयेत म्हणून त्यांना ग्रांद शालूपच्या दगडी इमारतींत काही दिवस वेगळे ठेवले जाई. त्यांतल्या काही इमारती दुरुस्त करून ठेवल्या आहेत. लांबलचक रिकाम्या खोल्या, जाड भिंती आणि समोर समुद्राचा आवाज. जे येथे उतरले, त्यांतले थोडेच परत गेले. बाकीचे इथलेच झाले. त्यांच्या वंशजांना आज 'मालबार' म्हणतात. गंमत अशी, की त्यांतले बहुतेक मलबारचे नव्हतेच. ते तमिळ मुलखातले, म्हणजे भारताच्या दुसऱ्या किनाऱ्यावरचे होते. नाव देणाऱ्यांनी नकाशा नीट पाहिला नसावा.

सेंट डेनिसमध्ये पोहोचलात, की समुद्राकाठच्या जुन्या तोफांपासून सरळ वर जाणारा पॅरिस रस्ता धरावा. दोन्ही बाजूंना जुनी लाकडी घरे आहेत. पांढरा रंग, पुढे पडवी, छपराच्या कडेला कापलेली झालर. रस्त्याच्या शेवटी राज्य उद्यान आहे. तेथे सावलीत बसायला बाके आहेत. बारा ते दोन पुष्कळ दुकाने बंद असतात आणि रविवारी दुपारी शहर झोपलेलेच असते. दुकानात शिरताना आधी 'बोंजूर' म्हणावे. हा फ्रेंच नमस्कार न करता भाव विचारणे तिथे उद्धटपणाचे मानतात. इंग्रजी फार थोड्यांना येते. घराघरांत लोक क्रिओल बोलतात. फ्रेंच भाषेत मादागास्करचे, आफ्रिकेचे आणि भारताचे शब्द मिसळून ती तयार झाली आहे.

मुख्य बाजारपेठेत दुकानांच्या रांगेतून एक उंच मिनार वर आलेला दिसतो. ही नूर-ए-इस्लाम मशीद. तिचे उद्घाटन १९०५ मध्ये झाले. पॅरिसची मोठी मशीद १९२६ ची आहे. म्हणजे फ्रान्सच्या राज्यातली ही मशीद तिच्याहून एकवीस वर्षांनी जुनी. ती बांधली सुरतेच्या बाजूच्या गुजराती मुसलमान व्यापाऱ्यांनी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते स्वखर्चाने, व्यापारासाठी या बेटावर आले. मळ्यातल्या मजुरांना आणि गावकऱ्यांना ते कापड विकत. बेटावरच्या लोकांना वाटले, मुसलमान म्हणजे अरबच असणार. म्हणून त्यांना 'झारब' असे नाव पडले. तेच नाव आजही चालते. मशिदीखाली आणि आसपास अजून कापडाची दुकाने आहेत. नमाजाची वेळ सोडून, जोडे काढून, अंग झाकणारे कपडे घालून विचारले, तर आत जाता येते. अंगणात शिरताच बाहेरचा गजबजाट एकदम थांबतो.

भूक लागली, तर याच भागात खावे. हलाल जेवण सहज मिळते. इतर ठिकाणी मात्र विचारून घ्यावे, कारण बेटावर डुकराच्या मांसाचे पदार्थ पुष्कळ आहेत. टपरीवर 'सामुसा' मागितला, तर जे हातात येते ते ओळखायला फ्रेंच यावे लागत नाही. तो आपल्या समोशापेक्षा लहान असतो आणि आत मासा, मांस, भाजी किंवा चीज असते. 'आशार' म्हणजे हळद व मिरची घातलेले भाज्यांचे लोणचे. उर्दू बोलणाऱ्या घरात हा शब्द कोणालाही समजावून सांगावा लागणार नाही. 'कारी' म्हणजे भाताबरोबरचा रस्सा. 'मुरुंग' म्हणजे शेवगा. त्याच्या पाल्याची भाजी करतात. आणि 'बोंबों पिमां' या नावाला फसू नये. त्याचा अर्थ होतो मिरचीची गोळी, परंतु तो आपल्या डाळवड्याचा भाऊ आहे. मध्ये भोक असते आणि चांगला तिखट असतो.

बाजारात एक वस्तू काचेच्या नळीत ठेवून विकतात. काळसर, लांब, वाळलेल्या शेंगेसारखी. ही व्हॅनिला. आइस्क्रीमला जो वास येतो, तो या वेलीच्या शेंगेचा. निदान खऱ्या व्हॅनिलाचा तरी. ती इतकी महाग का, हे कळले तर नळी विकत न घेताही पाहण्यात आनंद वाटतो.

व्हॅनिलाची वेल मूळची मेक्सिकोची. ती रियुनियनला आणली एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी. वेल वाढली, फुले आली, पण शेंगा धरेनात. कारण परागकण फुलाच्या एका भागातून दुसऱ्या भागात पोहोचायला हवेत. त्या दोन भागांमध्ये एक पातळ पडदा असतो. मेक्सिकोत हे काम तिथल्या मधमाश्या करतात. त्या माश्या रियुनियनला नव्हत्या. युरोपातल्या विद्वानांनी काचघरात हाताने शेंगा धरवून पाहिल्या होत्या, पण मळ्यात वापरता येईल अशी सोपी रीत कोणाला सापडली नव्हती.

ती १८४१ मध्ये सापडली. बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या सेंट सुझान गावात एका मळ्यावर एडमंड नावाचा बारा वर्षांचा मुलगा होता. तो जन्मानेच गुलाम. आई त्याच्या जन्माच्या वेळीच वारली होती. गुलामांना आडनाव नसे, म्हणून नुसता एडमंड. मालकाने त्याला भोपळ्याच्या जातीच्या वेलीची फुले हाताने कशी फळवायची, ते दाखवले होते. मुलाने ती युक्ती व्हॅनिलावर करून पाहिली. बारीक काडीने पडदा उचलायचा आणि अंगठ्याने दोन्ही भाग हलकेच एकमेकांवर दाबायचे. बस्स. मालकाला वेलीवर दोन शेंगा दिसल्या, तेव्हा आधी त्याचा विश्वास बसला नाही. मग मुलाने पुन्हा करून दाखवले. शेजारचे मळेवाले आपल्या मजुरांना शिकवायला एडमंडला बोलावून नेऊ लागले. थोड्या वर्षांत रियुनियन व्हॅनिलासाठी जगभर प्रसिद्ध झाले.

मळेवाल्यांना पैसा मिळाला. एडमंडला मिळाले ते १८४८ साली इतर सर्वांबरोबर स्वातंत्र्य आणि अल्बियस हे आडनाव. पुढे एका नामवंत वनस्पतिशास्त्रज्ञाने 'ही रीत माझीच' असा दावा केला. तेव्हा जुन्या मालकाने पत्र लिहून मुलाची बाजू घेतली. तेवढे श्रेय त्याला द्यायला हवे. एडमंडला चोरीच्या आरोपावरून तुरुंगवासही झाला. बेटाला त्याने दिलेल्या देणगीची आठवण करून दिल्यावर त्याची मुदतीपूर्वी सुटका झाली. १८८० मध्ये तो सेंट सुझानलाच गरिबीत वारला.

आजही मादागास्करला असो की आणखी कोठे, मळ्यातली व्हॅनिला त्याच रीतीने धरते. प्रत्येक फूल एकच दिवस उमलते आणि दुपारपर्यंत कोमेजू लागते. म्हणून मजूर पहाटे निघतात आणि एकेक फूल हाताने फळवतात. पुढे शेंग पिकायला आठ-नऊ महिने. मग ती गरम पाण्यात बुडवायची, घोंगडीत गुंडाळून उबवायची, उन्हात आणि सावलीत महिनोन्‌महिने वाळवायची. बाजारात शेंग घ्यायची झाल्यास वाकवून पाहावी. चांगली शेंग लवचीक असते आणि तेलकट चमकते. कडकड मोडणारी घेऊ नये.

तीन वाजले, की परतीची बस धरावी. संध्याकाळच्या गर्दीत तिला किनाऱ्यावरून सरकत जायला वेळ लागतो. बंदराच्या फाटकावर जहाजाचे ओळखपत्र दाखवावे लागते. ते खिशात आहे ना, हे सेंट डेनिसमध्येच पाहून घ्यावे. जहाज पश्चिमेच्या किनाऱ्यावरून सुटते, म्हणून डेकवरून मावळता सूर्य समुद्रावर एका बाजूला दिसतो आणि दुसऱ्या बाजूला ढगांत बुडालेले डोंगर. रस्त्यावरचे दिवे लागू लागतात.

पुढचे बंदर बहुधा मॉरिशसचे पोर्ट लुई असते. एका रात्रीचा प्रवास. तेथेही धक्क्याजवळ, आप्रवासी घाट नावाच्या जागी, भारतातून आलेले मजूर दगडी पायऱ्या चढून वर येत. त्यांतले काही कोकणातले होते आणि त्यांचे वंशज अजून मराठी शिकतात.